पंतप्रधानाची प्रत्यक्ष निवडणूक, इझ्राएलमधील
संसदीय लोकशाहीत विधिमंडळाचा विश्वास असलेला नेता शासनप्रमुख होतो. अध्यक्षीय लोकशाहीत तो स्वतंत्र निवडणुकीने निश्चित मुदतीसाठी निवडला जातो. या दोन पद्धतींचा संयोग करण्याचा प्रयत्न इझ्राएलमध्ये झाला. प्रमाणशीर प्रतिनिधित्वामुळे १२० सदस्यांच्या क्नेसेटच्या निवडणुकीत कोणत्याही पक्षास स्पष्ट बहुमत मिळत नसे व मंत्रिमंडळ बनविताना लहान पक्षांशी सौदा करावा लागे. तो टाळण्यासाठी १९९२ च्या मूलभूत कायद्याने पंतप्रधानाच्या प्रत्यक्ष निवडणुकीची तरतूद केली. मात्र क्नेसेटचा विश्वास आवश्यकच राहिला. १९९६ मध्ये बेंजामिन नेतान्याहू यांनी शिमॉन पेरेस यांचा सुमारे एक टक्का मतांनी पराभव केला. परंतु दोन स्वतंत्र मते हाती आल्याने अनेक मतदारांनी पंतप्रधानपदासाठी मोठ्या पक्षाचा उमेदवार निवडला व क्नेसेटसाठी आपल्या गटाचा पक्ष. मजूर व लिकुड या पक्षांच्या एकत्रित जागा १९९२ मध्ये ७६ होत्या. १९९९ मध्ये मजूर पक्षाची आघाडी धरूनही त्या ४५ वर आल्या. परिणामी पंतप्रधानाचे लहान पक्षांवरील अवलंबित्व वाढले. २००१ मध्ये आरिएल शारोन यांच्या निवडीनंतर क्नेसेटने ही पद्धत रद्द केली. जनतेचा प्रत्यक्ष कौल विधिमंडळातील बहुमताची जागा घेऊ शकत नाही, हे या प्रयोगाने दाखविले.