फरारींचे मुक्कामाचे गाव : सेंट पॉल, १९००–१९३६

अमेरिकेतील दारूबंदीच्या आणि महामंदीच्या काळातील गुन्हेगारांचा इतिहास बहुधा शिकागोच्या अल कपोनपासून सुरू होतो आणि जॉन डिलिंजर किंवा बॉनी पार्कर व क्लाइड बॅरो यांच्यावर झालेल्या गोळीबारापाशी येऊन थांबतो. अशा कथनात टोळीवाला आणि दरोडेखोर हे दोघेही एकांडे शिलेदार म्हणून उभे राहतात आणि एक साधी गोष्ट नजरेआड होते. फरारी माणसालाही राहायला खोली लागते, जखम बांधणारा डॉक्टर लागतो, चोरीचा माल खपवणारा दलाल लागतो आणि धाड पडण्याआधी निरोप धाडणारा पोलीस तर लागतोच. या सगळ्या सोयी एका ठिकाणी मिळत असे शहर म्हणजे मिनेसोटा राज्याची राजधानी सेंट पॉल. मिसिसिपी नदीवर मिनिआपोलिसला खेटून वसलेले, १९३० च्या सुमारास पावणेतीन लाख वस्तीचे हे शहर शिकागोइतके बदनाम झाले नाही, कारण तेथे भर रस्त्यात मुडदे पडत नव्हते. ते का पडत नव्हते, याचे उत्तर मात्र शहराच्या अब्रूत भर घालणारे नाही.

१९०० साली जॉन ओ'कॉनर हा सेंट पॉलचा पोलीसप्रमुख झाला आणि मधला थोडा काळ वगळता १९२० पर्यंत त्या पदावर राहिला. त्याने गुन्हेगारांशी एक अलिखित करार केला, ज्याला पुढे 'ओ'कॉनर पद्धत' किंवा 'मुक्कामाचा करार' असे म्हटले जाऊ लागले. बाहेरून आलेल्या गुन्हेगाराने शहरात पाऊल टाकताच ठरलेल्या मध्यस्थाकडे आपली वर्दी द्यायची, पोलिसांचा वाटा पोहोचवायचा आणि शहराच्या हद्दीत कोणताही गुन्हा करायचा नाही, एवढ्या अटी पाळल्या तर त्याच्या पूर्वकर्मांबद्दल कोणी विचारपूस करणार नाही, असे त्याचे स्वरूप होते. ही व्यवस्था लपूनछपून चाललेली नव्हती. ते उघड गुपित होते आणि सामान्य नागरिकाला त्यात वावगे वाटत नसे, कारण त्याचे घर, त्याचे दुकान आणि त्याची बँक सुरक्षित होती. त्या सुरक्षिततेची किंमत शेजारची गावे मोजत होती, कारण सेंट पॉलमध्ये सज्जनासारखा राहणारा पाहुणा आपला धंदा हद्दीपलीकडच्या गावांत करून रात्री मुक्कामाला परतत असे. ओ'कॉनरने गुन्हेगारी आटोक्यात आणली असे त्याचे चाहते सांगत, पण त्याने ती केवळ वेशीबाहेर ढकलली, असे म्हणणेच वस्तुस्थितीला धरून होईल.

हा करार दारूबंदीच्या आधीचा आहे, ही बाब महत्त्वाची आहे. दारूबंदीने सेंट पॉलमध्ये भ्रष्टाचार निर्माण केला नाही, तर आधीच्या यंत्रणेत पैसा ओतला. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या अठराव्या दुरुस्तीने १७ जानेवारी १९२० पासून मादक पेयांचे उत्पादन, विक्री आणि वाहतूक यांवर बंदी आली, आणि तिची अंमलबजावणी ज्या कायद्याने व्हायची तो त्याच्या पुरस्कर्त्याच्या, म्हणजे मिनेसोटाचेच प्रतिनिधी अँड्र्यू व्होल्स्टेड यांच्या नावाने ओळखला गेला. अर्ध्या टक्क्याहून अधिक मद्यार्क असलेले प्रत्येक पेय या कायद्याने मादक ठरवले, परंतु पिणे हा गुन्हा ठरवला नाही, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर व्हिस्की घेण्याची सोयही ठेवली. मुंबई राज्याच्या १९४९ च्या कायद्याखालील आरोग्य-परवाने ज्यांना आठवतात, त्यांना ही पळवाट ओळखीची वाटेल. १९२२ ची निवडणूक हरल्यावर व्होल्स्टेड हे दारूबंदी खात्याच्या वायव्य विभागाचे कायदेविषयक सल्लागार झाले आणि त्यांचे कार्यालय सेंट पॉलमध्येच होते. त्याच शहरातून कॅनडाकडील व्हिस्की पुढे जात होती आणि लिऑन ग्लेकमनसारखे दारूसम्राट गबर होत होते. स्टर्न्स परगण्यातील शेतकरी तर 'मिनेसोटा १३' नावाची हातभट्टीची व्हिस्की गाळत, आणि ते नाव राज्याच्या विद्यापीठाने विकसित केलेल्या मक्याच्या वाणाचे होते.

ओ'कॉनर निवृत्त झाल्यावर कराराची सूत्रे डॅन होगन याच्याकडे आली. वाबाशा रस्त्यावरील 'ग्रीन लँटर्न' हा त्याचा गुत्ता म्हणजे बाहेरगावच्या गुन्हेगारांचे हजेरीचे ठिकाण होते. तेथे वर्दी घेतली जाई, चोरीचा माल वटवला जाई आणि पोलिसांचे हप्ते तेथूनच वाटले जात. होगन शब्दाचा पक्का मानला जाई, आणि या धंद्यात शब्द हेच भांडवल असल्याने सगळी व्यवस्था त्याच्या एकट्याच्या पतीवर उभी होती. ४ डिसेंबर १९२८ रोजी त्याने घरामागच्या गॅरेजमध्ये आपली पेज बनावटीची मोटार सुरू करण्यासाठी स्टार्टर दाबला आणि त्याला जोडून ठेवलेल्या बाँबचा स्फोट झाला. त्याच दिवशी रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. मोटारीत बाँब ठेवून केलेल्या अमेरिकेतील सुरुवातीच्या खुनांपैकी हा एक आहे. त्याची जागा घेणारा हॅरी सॉयर हा त्याच्याच हाताखाली तयार झालेला होता, पण गुन्हेगारांना शिस्तीत ठेवण्याचा होगनचा वकूब त्याच्यापाशी नव्हता.

याच सुमारास महामंदी आली. १९३० ते १९३३ या काळात अमेरिकेत सुमारे नऊ हजार बँका बुडाल्या, ठेवीदारांची आयुष्यभराची पुंजी गेली आणि ज्या बँका तगल्या त्या गहाणवटीच्या जमिनी जप्त करू लागल्या. बँक लुटणाऱ्याबद्दल ग्रामीण भागात सहानुभूती निर्माण झाली ती या पार्श्वभूमीवर. दरोड्याच्या वेळी 'प्रिटी बॉय' फ्लॉइड गहाणखते फाडून टाकतो, अशा कथा पसरल्या. त्यांना ठोस पुरावा नाही आणि लुटीचा पैसा गरिबांपर्यंत पोहोचल्याचा तर त्याहून नाही, तरी त्यांवर विश्वास ठेवण्याची लोकांची तयारी हीच इतिहासकाराच्या दृष्टीने नोंदण्याजोगी गोष्ट आहे. दरोडेखोरांच्या बाजूने दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे वेगवान मोटार, आणि दुसरी म्हणजे राज्याची सीमा, कारण ती ओलांडताच पाठलाग करणाऱ्या स्थानिक पोलिसांचा अधिकार संपत असे आणि बँक लुटणे हा तोवर संघराज्याचा गुन्हाच नव्हता.

बार्कर बंधू आणि अल्विन कार्पिस यांची टोळी सेंट पॉलमध्ये कशी राहत होती, हे १९३२ च्या वसंतातील एका प्रसंगावरून कळते. त्यांनी भाड्याने घेतलेल्या घराच्या मालकिणीच्या मुलाने एका गुन्हेविषयक मासिकातील छायाचित्रांवरून आपले भाडेकरू ओळखले आणि पोलिसांना कळवले. धाड मात्र काही तासांनी, घर रिकामे झाल्यावर पडली. पोलीसप्रमुख टॉम ब्राउन यानेच टोळीला सावध केले, असे नंतर उघड झाले. फितुरी आपल्यापैकीच कोणीतरी केली या संशयाने टोळीने बार्करांच्या आईचा सोबती आर्थर डनलॉप याला ठार करून त्याचे प्रेत विस्कॉन्सिनमधील एका तळ्याकाठी टाकले. हद्दीत गुन्हा न करण्याची अट येथेही अक्षरशः पाळली गेली. त्याच वर्षी १६ डिसेंबरला या टोळीने मिनिआपोलिसची थर्ड नॉर्थवेस्टर्न बँक लुटताना दोन पोलिसांना ठार केले आणि मग सेंट पॉलच्या कोमो उद्यानात मोटार बदलताना तेथून जाणाऱ्या एका माणसालाही गोळी घातली, तेव्हा मात्र त्या अटीत काही अर्थ उरला नाही.

करार पुरता मोडला तो दारूबंदी उठल्यामुळे. एप्रिल १९३३ मध्ये सौम्य बिअर कायदेशीर झाली, डिसेंबरमध्ये बंदीच रद्द झाली, आणि ज्यांची मिळकत चोरट्या दारूवर होती त्यांना दुसरा धंदा शोधणे भाग पडले. तो त्यांना यजमानांच्याच घरात सापडला. १५ जून १९३३ रोजी मद्यनिर्माते विल्यम हॅम हे दुपारच्या जेवणासाठी कारखान्यातून पायी घरी निघाले असता त्यांना बार्कर-कार्पिस टोळीकडून पळवण्यात आले आणि १ लाख डॉलरची खंडणी घेऊन चार दिवसांनी सोडण्यात आले. टॉम ब्राउन आता प्रमुखपदावर नव्हता, पण अपहरणाचा तपास करणाऱ्या पथकाची धुरा त्याच्याकडेच होती आणि खंडणीत त्याचाही वाटा असल्याचा आरोप पुढे झाला. १७ जानेवारी १९३४ रोजी मुलीला शाळेत सोडून निघालेले बँकर एडवर्ड ब्रेमर यांचे याच टोळीकडून अपहरण झाले. या वेळची खंडणी २ लाख डॉलर होती, आणि ब्रेमर यांचे वडील राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या परिचयातले होते. दोन्ही ओलिसांना इलिनॉय राज्यातील बेन्सनव्हिल येथे ठेवले होते. आजवर राज्याची सीमा टोळीला वाचवत आली होती. पण विख्यात वैमानिक लिंडबर्ग यांच्या बाळाच्या अपहरणानंतर १९३२ साली झालेल्या कायद्याने ओलिसाला सीमेपार नेणे हा संघराज्याचा गुन्हा ठरल्यामुळे हीच सीमा आता तिच्या गळ्याशी आली. हॅम यांच्या खंडणीच्या चिठ्ठ्यांवरील अदृश्य बोटांचे ठसे सिल्व्हर नायट्रेटच्या साहाय्याने उमटवण्यात आले, तर ब्रेमर प्रकरणात वाटेत टाकून दिलेल्या पेट्रोलच्या डब्यावर 'डॉक' बार्करचा ठसा मिळाला.

३१ मार्च १९३४ रोजी सेंट पॉलमध्ये दोन घटना घडल्या. चौकशी करणाऱ्या ग्रँड ज्युरीने, म्हणजे आरोप ठेवण्याइतका पुरावा आहे की नाही हे पाहणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, शहरात गुन्हेगारांचे स्तोम नसल्याचा निर्वाळा दिला. आणि त्याच दिवशी लिंकन कोर्ट या इमारतीत खोट्या नावाने राहणारा डिलिंजर दारातून मशिनगनच्या फैरी झाडत, पायाला जखम घेऊन मागच्या दाराने निसटला. भाडेकरूंचा संशय आल्यावर इमारतीच्या व्यवस्थापिकेने शहर पोलिसांकडे न जाता संघराज्याच्या तपास विभागाचे कार्यालय गाठले होते, एवढ्यावरून नागरिकांचा विश्वास कोठे सरकला होता ते दिसते. मे आणि जून १९३४ मध्ये काँग्रेसने राष्ट्रीय बँकांवरील दरोडा संघराज्याच्या कक्षेत आणला आणि या विभागाच्या अधिकाऱ्यांना अटक करण्याचा व शस्त्र बाळगण्याचा अधिकार दिला. पुढच्या वर्षी हाच विभाग एफबीआय म्हणून ओळखला जाऊ लागला. आसरा देणाऱ्यांवरही आता बडगा आला. डिलिंजरची सोबतीण बिली फ्रेशेट आणि त्याच्या जखमेवर उपचार करणारा डॉक्टर या दोघांनाही सेंट पॉलच्या न्यायालयाने फरारीस आश्रय दिल्याबद्दल दोन-दोन वर्षांची शिक्षा दिली.

शहराची सफाई मात्र बाहेरच्यांनी एकट्याने केली नाही. 'सेंट पॉल डेली न्यूज'चे संपादक हॉवर्ड कान यांनी भ्रष्टाचाराविरुद्ध मोहीम चालवली, आणि १९३५ मध्ये पोलीस मुख्यालयाचेच दूरध्वनी चोरून ऐकण्यात आल्यावर जुगारवाले आणि पोलीस यांच्यातील रोजची बोलणी कागदावर उतरली, अनेक पोलिसांना नोकरी गमवावी लागली आणि पोलीसप्रमुखाला पायउतार व्हावे लागले. जानेवारी १९३६ मध्ये ब्रेमर प्रकरणात हॅरी सॉयरला जन्मठेप झाली. हॅम यांच्या अपहरणात हात असलेला जॅक पायफर हा 'हॉलीहॉक्स' या उंची क्लबचा मालक. जुलै १९३६ मध्ये तीस वर्षांची शिक्षा ऐकल्यावर त्याने कोठडीत विष घेतले. कार्पिसने गुन्हा कबूल केला आणि तो अल्कट्राझला गेला. टॉम ब्राउनला त्याच वर्षी पोलीस दलातून बडतर्फ करण्यात आले. अपहरणाबद्दल तो तुरुंगात गेला नाही.