साल्पेत्रिएर आणि मेंदूच्या धमन्यांचा नकाशा

पॅरिसमधील साल्पेत्रिएर ही मुळात बंदुकीच्या दारूच्या कारखान्याची जागा. 1656मध्ये चौदाव्या लुईच्या फर्मानाने निराधारांना ठेवण्याची जी व्यवस्था उभी राहिली, तीत साल्पेत्रिएर स्त्रियांसाठी आणि बिसेत्र पुरुषांसाठी नेमले गेले. मेंदूच्या कोणत्या धमनीचा प्रवाह थांबला असता शरीराचे कोणते कार्य लोपते, या ज्ञानाचा मोठा वाटा या दोन आश्रयगृहांना जातो, आणि त्याचे श्रेय तेथील चिकित्सकांइतकेच तेथील रहिवाशांनाही दिले पाहिजे. अर्धांगवायू झालेली गरीब माणसे तेथे वर्षानुवर्षे राहत व तेथेच मरत, त्यामुळे जिवंतपणी टिपलेले लक्षण आणि शवविच्छेदनात दिसलेला मेंदू यांचा मेळ घालणे शक्य होई.

साल्पेत्रिएरमध्येच लेओं रोस्तां यांनी 1820च्या सुमारास मेंदूचा एखादा भाग मऊ पडण्याच्या विकाराचे, म्हणजे मृदुकरणाचे, वर्णन केले आणि तो बहुधा दाहाचा परिणाम नसतो असे मांडले. 1874मध्ये आँरी द्युरे यांनी मृतांच्या धमन्यांत रंगीत द्रव भरून त्यांची क्षेत्रे शोधली. मेंदूत खोलवर शिरणाऱ्या बारीक शाखा शेजारच्या शाखांशी जुळत नाहीत, म्हणून त्यांपैकी एक बंद पडली की तिच्यावर पोसला जाणारा भाग मरतो, हे त्यातून उमगले.

लक्षण आणि क्षेत्र यांची सांगड किती सूक्ष्म असू शकते, हे झ्यूल देजरीन यांनी 1892मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका रुग्णावरून दिसते. आश्रयगृहाबाहेरच्या या सुशिक्षित गृहस्थाला 1887मध्ये एकाएकी अक्षरे वाचता येईनाशी झाली, उजवीकडचे अर्धे दृष्टिक्षेत्र गेले, पण बोलणे व लिहिणे शाबूत राहिले. स्वतः लिहिलेला मजकूरही त्यांना वाचता येत नसे, मात्र अक्षराच्या वळणावरून बोट फिरवले की ते ओळखू येई. मृत्यूनंतर डाव्या पश्चकपालखंडात, म्हणजे मेंदूच्या मागील भागात, आणि दोन्ही गोलार्धांना जोडणाऱ्या तंतूंच्या मागच्या टोकाशी जुनी इजा आढळली. हा सारा प्रदेश पश्च मस्तिष्क धमनीचा आहे. डाव्या बाजूची दृष्टी उजव्या गोलार्धात पोहोचत होती, परंतु तेथून भाषेच्या केंद्राकडे जाणारी वाट तुटली होती.

धमनीवार मांडणी मात्र शार्ल फ्वा यांनी 1923 ते 1927 या अवघ्या काही वर्षांत केली. अग्र धमनी बंद झाल्यास विरुद्ध बाजूचा पाय अधिक लुळा पडतो, मध्य धमनीत चेहरा व हात अधिक सापडतात आणि इजा डावीकडे असेल तर बहुधा वाचाही जाते, तर पश्च धमनीत दृष्टी हरपते, हे भेद त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शवविच्छेदनाच्या आधारे पक्के केले. फ्वा 1927मध्ये, वयाच्या 45व्या वर्षी वारले. त्याच वर्षी लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी मानेतील धमनीत क्ष-किरणांना अपारदर्शक द्रव टोचून जिवंत माणसाच्या मेंदूतील धमन्यांचे चित्र मिळवले, आणि धमनी पाहण्यासाठी रुग्णाच्या मृत्यूची वाट पाहण्याची गरज उरली नाही.