वसवायला एक शाळा, हलवायला तीस वर्षं: न्यूटॉक गावाच्या अनुदानांची गोष्ट

आजचा भाग अलास्कातल्या एका गावाबद्दल आहे. गाव साडेतीनशे माणसांचं. पण त्या गावाच्या फायली एका जागी रचल्या, तर गावातलं सगळ्यात मोठं घरही पुरणार नाही. हवामान बदलाबद्दल आपण बर्फ, समुद्र, तापमान असं बरंच ऐकतो. आज जरा वेगळ्या बाजूने बघूया, म्हणजे पैशाच्या बाजूने. गाव वाचवायला पैसा कुठून येतो, कसा येतो, आणि आल्यावर तो सांभाळतो कोण?

गावाचं नाव न्यूटॉक. अमेरिकेच्या अलास्का राज्यात पश्चिम टोकाला युकॉन आणि कस्कोक्विम या दोन मोठ्या नद्यांचा त्रिभुज प्रदेश आहे, तिथे निंग्लिक नदीच्या काठी हे गाव होतं. "होतं" म्हणतोय, ते का, ते पुढे कळेलच. इथे राहणारे लोक युपिक, म्हणजे तिथले मूलनिवासी. रस्ता नाही. यायचं तर छोट्या विमानाने किंवा बोटीने, हिवाळ्यात गोठलेल्या जमिनीवरून स्नोमोबाइलने.

आता पहिली गंमत ऐका. युपिक लोक पूर्वी एका जागी बारा महिने राहत नसत. हिवाळ्याचं गाव वेगळं, उन्हाळ्यातला मासेमारीचा तळ वेगळा. न्यूटॉकची जागा 1949 च्या सुमारास धरली गेली आणि 1958 मध्ये तिथे केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ इंडियन अफेअर्सने शाळा बांधली. ही जागाच का? तर असं सांगतात की शाळेचं सामान घेऊन येणारा बार्ज नदीतून त्याच्या पुढे जाऊ शकत नव्हता. सामान जिथे उतरलं तिथे शाळा, आणि शाळा तिथे गाव. मुलांना शाळेत बसवायचं म्हणजे आईबापांनी एका जागी बसायचं, असा तो काळ होता. पायाखाली काय आहे हे कुणी पाहिलं नाही. पायाखाली होता पर्माफ्रॉस्ट, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेली माती. ती वितळली की चिखल होतो, आणि नदी तो चिखल सहज कापत जाते.

निंग्लिक नदी वर्षाला सरासरी 70 फूट काठ खात होती. एखाद्या वादळात त्याहून कितीतरी जास्त. 1994 मध्ये गावाने ठरवलं की इथून हलायचं. जागाही लोकांनीच शोधली. नदीपलीकडे साधारण 9 मैलांवर नेल्सन बेट आहे, तिथे खडकाचा आधार असलेली उंच जमीन आणि गोड्या पाण्याचा झरा. मर्टारविक हे तिचं नाव, त्याचा अर्थच झऱ्यावरून पाणी आणायची जागा. ही जमीन मात्र केंद्राच्या वन्यजीव अभयारण्यात होती. गावाने आपली जमीन देऊन ती बदल्यात मागितली, आणि त्यासाठी अमेरिकी संसदेला कायदा करावा लागला. तो झाला 2003 मध्ये. म्हणजे नुसती जागा मिळवण्यात 9 वर्षं गेली.

त्याच वर्षी जीएओचा अहवाल आला. जीएओ म्हणजे अमेरिकी संसदेसाठी हिशेब तपासणारी संस्था, साधारण आपल्या कॅगसारखी. अहवालात म्हटलं होतं की अलास्कातल्या 213 मूलनिवासी गावांपैकी 184 गावांना पूर किंवा धूप यांचा काही ना काही त्रास आहे, आणि 4 गावं अगदी टोकाला आली आहेत. त्या चारांत न्यूटॉक होतं. लष्कराच्या अभियंता विभागाने गाव हलवायचा खर्च काढला 8 ते 13 कोटी डॉलर. साडेतीनशे माणसांनी भागलं तर माणशी सव्वादोन ते पावणेचार लाख डॉलर. हा आकडा ऐकून सगळ्यांचे डोळे पांढरे झाले, आणि इथून खरी गोष्ट सुरू होते.

आपल्याकडे पुनर्वसन म्हटलं की कोयना डोळ्यांसमोर येतं. धरण बांधणारं सरकार, उठवणारं सरकार, आणि पुनर्वसनाचं आश्वासन देणारंही सरकारच. ते आश्वासन किती पाळलं हा वेगळा विषय, पण भांडायला समोर एक दार तरी होतं. न्यूटॉकसमोर दारच नव्हतं. हवामानामुळे गाव हलवायचं असेल तर ते काम कुठल्या खात्याचं, हे अमेरिकेच्या कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नव्हतं. मग उरलं काय? अनुदानं. घरांसाठी एका खात्याकडे अर्ज, धक्क्यासाठी दुसऱ्याकडे, रस्त्यासाठी तिसऱ्याकडे, पाण्यासाठी चौथ्याकडे. 2006 मध्ये केंद्राची, राज्याची आणि गावाची माणसं एकत्र बसवून न्यूटॉक प्लॅनिंग ग्रुप नावाचा गट तयार झाला. त्याचा उपयोग झाला, पण या गटाकडे स्वतःची तिजोरी नव्हती.

आता या अनुदानांचे नियम बघा. एकेक वाचला तर एकही मूर्खपणाचा वाटत नाही. सगळे एकत्र ठेवले की गाव अडकतं.

पहिला नियम नफा-तोट्याचा. आपत्ती टाळण्यासाठी खर्च करताना वाचणारं नुकसान हे खर्चापेक्षा जास्त असलं पाहिजे. शहरात हे गणित जमतं. अलास्कात प्रत्येक खिळा बार्जने किंवा विमानाने येतो, घरं थोडी, त्यांची बाजारातली किंमत त्याहून थोडी. गणित कधीच जुळत नाही.

दुसरा नियम हिश्श्याचा. केंद्राने 75 टक्के दिले तर 25 टक्के स्थानिकांनी घालायचे. आपल्या पाणी योजनांतली लोकवर्गणी आठवा, तसंच. पण न्यूटॉकचे लोक मासे, सील, मूस आणि रानातली बोरं यांवर जगतात. कर बसवावा असा धंदाच गावात नाही. आणि बऱ्याच योजनांत आधी खर्च करा, पावत्या द्या, मग पैसे घ्या. आधी खर्च करायला पैसे असते तर अर्ज कशाला केला असता?

तिसरा नियम कागदावरच्या अस्तित्वाचा. न्यूटॉक ही केंद्राने मान्यता दिलेली जमात आहे, पण राज्याच्या कायद्याने नोंदलेली नगरपालिका नाही, आणि ते ज्या भागात आहे तिथे जिल्हा प्रशासनासारखी व्यवस्थाच नाही. त्यामुळे काही विकास निधींसाठी ते "स्थानिक शासन" या व्याख्येत बसतच नव्हतं.

आणि चौथा, सगळ्यांत चक्रावून टाकणारा. नव्या जागी शाळा हवी तर तिथे आधी किमान 25 मुलं हवीत. धावपट्टी हवी तर तिथे कायमची वस्ती हवी. पण शाळा आणि विमान नसेल तर आईबाप मुलांना घेऊन तिथे जातील कशाला? मधल्या काळात जुन्या गावात खर्च करायलाही कुणी तयार नाही, कारण ते गाव तर हलणार आहे! नवीन जागी माणसं नाहीत म्हणून पैसा नाही, जुन्या जागी भविष्य नाही म्हणून पैसा नाही. जुनी शाळा, पाण्याची सोय, विजेचं जनित्र, सगळं जीर्ण होत गेलं. घरोघरी संडास म्हणजे बादली.

यात वेळेचं गणित वेगळंच. तिथे बांधकामाचा हंगाम जेमतेम तीन-चार महिन्यांचा. सामान उन्हाळ्यात बार्जने यायचं तर मागणी हिवाळ्यातच नोंदवावी लागते. केंद्राचं आर्थिक वर्ष मात्र 1 ऑक्टोबरला सुरू होतं. मंजुरीचं पत्र ऑगस्टमध्ये आलं की वर्ष वाया. नदी तोवर तिचे 70 फूट घेऊन गेलेली असते.

तरी लोकांनी हातपाय हलवले. 2009 मध्ये मर्टारविकला बार्ज लागण्याची जागा तयार झाली. लष्कराचे जवान सरावाचा भाग म्हणून येऊन काम करू लागले, म्हणजे मजुरी वाचली. थोडी घरं उभी राहिली. वादळात आसरा घेण्यासाठीच्या केंद्राचा पाया घातला गेला, आणि मग अनेक वर्षं तो पायाच राहिला.

कारण 2012 मध्ये गाव फुटलं. कौन्सिलच्या निवडणुका वेळेवर होत नाहीत, स्थलांतराचं काम रखडलंय, अशी तक्रार होती. लोकांनी नवी कौन्सिल निवडली. जुनी हटायला तयार नाही. आता विचार करा, अनुदानाच्या करारावर सही कुणाची? बँकेत खातं कुणाच्या नावाचं? दोन कौन्सिल म्हटल्यावर देणाऱ्यांनी हात आखडता घेतला. 2013 मध्ये ब्युरोने नव्या कौन्सिलला मान्यता दिली, तरी वाद अपिलात गेला आणि काम थंडावलं.

हे सांगताना "बघा, पैसा आला आणि लोक भांडले" असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. मला तो पटत नाही. साडेतीनशे माणसांच्या गावातली दोन-तीन माणसं डझनभर खात्यांचे अर्ज, अहवाल, निविदा, ऑडिट सांभाळत होती. प्रत्येक खात्याचा नमुना वेगळा, तारीख वेगळी. अनुदान मिळायचं धक्क्यासाठी, घरासाठी, रस्त्यासाठी. ते सांभाळणाऱ्या माणसाच्या पगारासाठी फारसं कुणी देत नव्हतं. एखादं मध्यम आकाराचं सरकारी कार्यालयही या ओझ्याखाली वाकलं असतं.

हा प्रश्न काही न्यूटॉकपुरता नाही. 1975 च्या आत्मनिर्णय कायद्याने मूलनिवासी जमातींना केंद्राच्या योजना स्वतः चालवायचा हक्क मिळाला. हिशेबनीस, ऑडिट, विमा हा वरखर्च सरकारने द्यायचा असंही ठरलं. प्रत्यक्षात तो पुरेसा दिला जात नव्हता. शेवटी 2012 मध्ये रामाह नवाहो समाजाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तो पूर्ण द्यावाच लागेल. 2024 मध्ये सॅन कार्लोस अपाची जमातीच्या खटल्यात ही जबाबदारी आणखी वाढवली. पण हे त्या कायद्याखालच्या करारांपुरतं. स्पर्धेतून मिळणाऱ्या अनुदानांना ते कवच नाही, आणि गाव हलवायचा पैसा बहुतेक स्पर्धेतूनच येत होता.

स्पर्धेचं काय झालं? जानेवारी 2016 मध्ये राष्ट्रीय पातळीवरच्या आपत्ती-सक्षमता स्पर्धेचे निकाल लागले. लुईझियानातल्या आइल द जाँ चार्ल्स या बुडत्या बेटावरच्या मूलनिवासींच्या स्थलांतरासाठी 4 कोटी 83 लाख डॉलर मिळाले. अलास्काच्या हाती काही आलं नाही. मग गावाने राष्ट्राध्यक्षांकडे आपत्ती जाहीर करण्याची मागणी केली. जानेवारी 2017 मध्ये ती नाकारली गेली. चक्रीवादळ ही आपत्ती, भूकंप ही आपत्ती. रोज थोडं थोडं बुडणं मात्र आपत्तीच्या चौकटीत बसत नाही.

वळण आलं 2018 मध्ये. ओबामांनी 2015 साली अलास्का भेटीत डेनाली कमिशन या छोट्या केंद्रीय संस्थेला समन्वयाचं काम दिलं होतं. 2018 मध्ये संसदेने तिच्यामार्फत न्यूटॉकला थेट दीड कोटी डॉलर दिले. रक्कम एकूण गरजेपुढे लहान, पण ती गावाच्या कामाच्या क्रमाने वापरता येत होती, आणि तिच्या जोरावर बाकीच्या निधींची जुळवाजुळव करता आली. बांधकामाचं व्यवस्थापन अलास्काच्या मूलनिवासी आरोग्य संघाने बघितलं. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 2019 मध्ये, गावातली पहिली मोठी तुकडी, साधारण एक तृतीयांश लोक, मर्टारविकला राहायला गेली. 2022 मध्ये केंद्राकडून आणखी अडीच कोटी आले. 2024 च्या शरद ऋतूत उरलेले लोकही गेले आणि न्यूटॉकची वीज बंद झाली. 1994 ते 2024, मोजून तीस वर्षं.

गोड शेवट म्हणावा तर तसंही नाही. 2025 मध्ये पत्रकारांनी दाखवलं की काही नव्या घरांत गळती आहे, बुरशी आहे, पाये खचताहेत. बऱ्याच घरांत वाहतं पाणी आलेलं नव्हतं. तुकड्यातुकड्याने आलेल्या पैशात प्रत्येकजण आपापल्या तुकड्याचा हिशेब देतो, सगळं मिळून घर नीट झालं का याचा हिशेब कुणाच्याच माथी नसतो. त्याच वर्षी मे महिन्यात किपनुक या तिथल्याच दुसऱ्या गावाचं नदीकाठ सावरण्यासाठी मंजूर झालेलं 2 कोटी डॉलरचं अनुदान केंद्राने रद्द केलं. ऑक्टोबरमध्ये हालोंग वादळाच्या अवशेषांनी किपनुक उद्ध्वस्त केलं. ते काम चालू राहिलं असतं तरी तोवर पूर्ण झालं नसतं, हे खरं. पण रद्द झालेलं काम कधीच पूर्ण होत नाही, हेही खरंच.

जीएओने 2022 मध्ये संसदेला सुचवलं होतं की या सगळ्याचा मेळ घालणारी एक यंत्रणा उभी करा, कारण 70 हून जास्त गावं धोक्यात आहेत. माझ्या मते न्यूटॉकच्या तीस वर्षांचं सार तेच आहे. या लोकांना एका जागी बसवताना एक खातं, एक शाळा आणि एक बार्ज पुरला. त्यांना तिथून हलवताना मात्र सगळ्या सरकारने मिळून विचारलं, "हे आमच्या खात्यात येतं का?"

तर मंडळी, आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या भागात गाव हललं असेल, आणि त्या पैशाचा हिशेब ज्याने ठेवला असा कुणी माणूस तुमच्या ओळखीचा असेल, तर त्याच्याशी एकदा निवांत बोला आणि जमलं तर आम्हालाही कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.