शब्दवेध : शहाजोग

'काय शहाजोगपणाचा आव आणतोय!' असे आपण म्हणतो, तेव्हा समोरच्याने सभ्यपणा नुसता पांघरला आहे, हेच सुचवायचे असते. शब्द मात्र मूळचा पेढीवरचा. यातला 'शहा' राजा नव्हे. तो 'साहू', म्हणजे संस्कृत 'साधू'. सत्यनारायणाच्या कथेतला साधुवाणी आठवा. आपला सावकारही त्याच कुळातला. 'जोग' म्हणजे योग्य. पूर्वी व्यापारी पैसे पाठवायला हुंडी, म्हणजे पैसे देण्याची चिठ्ठी, वापरत. दर्शनी हुंडी दाखवताच वटायची, मुदतीची मुदत भरल्यावर. शहाजोग हुंडीचे पैसे मात्र बाजारात पत असलेल्या माणसालाच मिळत. हुंडी चोराच्या हाती लागली, तरी पैसे मागायला शहा आणणार कुठून?

आता हुंडीचे काम मोबाइल करतो. ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते यूपीआय या मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या व्यवस्थेचा प्रारंभ झाला. त्या पायावर फोनपे, पेटीएमसारख्या कंपन्यांनी आपापली दुकाने थाटली. जिला कोणत्याही पेढीने शहा म्हटले नसते, त्या भाजीवालीच्या टोपलीवर क्यूआर कोड आला आणि पैसे जमा झाल्याची वर्दी देणारा बोलका डबाही. पत जोखायचे काम मुनीमजींच्या नजरेकडून केवायसी, ओटीपी आणि पिनकडे गेले.

एक गोष्ट तेवढी बदललेली नाही. 'बँकेतून बोलतोय, ओटीपी सांगा' म्हणणारा आवाज आजही अगदी शहाजोग असतो. अर्थात, नव्या अर्थाने!