जेरुसलेमातील कोंबडा

पेत्राने प्रभूला नाकारले आणि कोंबडा आरवला, हे आपण दरवर्षी पवित्र आठवड्यात ऐकतो. परंतु इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या 'मिश्ना' या यहुदी नियमग्रंथात जेरुसलेमात कोंबड्या पाळण्यास मनाई आहे. उकिरडा उकरताना त्या अशुद्ध वस्तू वर काढतील आणि मंदिराची अर्पणे विटाळतील, असे कारण भाष्यकार देतात. कबुतरखानादेखील गावापासून 50 हात दूर हवा, असा त्याच ग्रंथाचा दंडक आहे.

मग पेत्राने ऐकला तो कोंबडा कोणाचा? काही अभ्यासकांच्या मते तो पक्षी नव्हेच. रोमन लोक रात्रीच्या तिसऱ्या प्रहराला 'कोंबडा आरवण्याची वेळ' म्हणत, त्या पहाऱ्याचे ते शिंग असावे. आम्हांस हे पटत नाही. एका माणसाचा जीव घेतल्याबद्दल जेरुसलेमात कोंबड्याला दगडमार झाल्याची नोंद मिश्नातच अन्यत्र आहे. म्हणजे नियम असला तरी शहरात कोंबडे होते. (परसातल्या कोंबड्या कागदी मनाईला किती जुमानतात, हे आमच्या गावकऱ्यांना सांगायला नको!) शिवाय अँटोनिया गढीतील रोमन शिपायांना यहुदी शुद्धतेचे बंधन नव्हते. आणि मार्क तर कोंबडा दोनदा आरवल्याचे लिहितो. प्रहराच्या शिंगाला हा तपशील जुळत नाही.