खटका

दिवा ‘विझवला’ म्हणू नये, हे आमच्याकडे लहानपणापासून कानावर पडलेलं. दिवा मालवायचा, किंवा त्याला निरोप द्यायचा. फुंकर मारून तर मुळीच नाही. यामागे शुभाशुभाची कल्पना आहे हे खरंच, पण मला त्यात आणखी एक शहाणपण दिसतं. दिवा लावणं सोपं आहे, तो नीट मालवणं हे जास्त जबाबदारीचं काम आहे. विजेच्या दिव्यांचा इतिहास वाचायला लागल्यावर तर हे फारच पटलं.

घरच्या घरी एलईडीचे दिवे बनवायची हौस मला बऱ्याच वर्षांची. कधी लिहायच्या टेबलासाठी, कधी ओट्यावर, दिवाळीत आकाशकंदिलात. आम्हा हौशी मंडळींचं सगळं लक्ष एलईडी किती वॉटचे, उजेड पांढरा की पिवळसर, ड्रायव्हर कुठला, याकडे असतं. स्विच मात्र शेवटी आठवतो आणि ड्रॉवरमध्ये सापडेल तो बसवला जातो. इतिहास मात्र सांगतो की या सगळ्यात जास्त विचार त्या खटक्याचाच करायला हवा.

थोडं मागे जाऊ. इंग्लंडच्या उत्तरेला क्रॅगसाइड नावाचा मोठा वाडा आहे. त्याचे मालक विल्यम आर्मस्ट्राँग यांनी १८८० मध्ये तिथे जोसेफ स्वान यांचे बल्ब लावले. वीज यायची जवळच्या पाण्यावर चालणाऱ्या डायनॅमोवरून. वाचनालयातले काही दिवे मीना केलेल्या तांब्याच्या फुलदाण्यांवर बसवलेले होते. फुलदाणीच्या बुडातून एक उघडी तार खाली यायची आणि बैठकीतल्या पाऱ्याच्या वाटीत बुडायची. परतीचा प्रवाह फुलदाणीच्या तांब्यातूनच जायचा. दिवा लावायचा तर फुलदाणी जागेवर ठेवायची, मालवायचा तर उचलायची! हा त्या दिव्याचा स्विच. आज कुणी असं काही करून दाखवलं तर आपण त्याला हात जोडू आणि चार पावलं मागे सरकू.

तारा एकमेकींपासून दूर केल्या की प्रवाह थांबतो, एवढं तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं. अडचण वेगळीच होती. चालू प्रवाह तोडताना दोन धातूंच्या मधल्या फटीत ठिणगी उडते. धातू सावकाश दूर गेले तर ती ठिणगी लगेच मरत नाही, तापलेल्या हवेतून प्रवाह चालूच राहतो. या ज्वालेचं तापमान काही हजार अंशांवर जातं. धातू वितळतो, आजूबाजूचं लाकूड काळं पडतं, पेट घेतं. म्हणजे सुरक्षितता अवलंबून होती ती माणसाच्या हाताच्या वेगावर. झोपाळलेल्या माणसाने हळूच मूठ फिरवली की संपलं.

यावर उपाय शोधला जॉन हेन्री होम्स यांनी, १८८४ मध्ये, न्यूकॅसल शहरात (स्वान यांचंही कार्यक्षेत्र हेच). त्यांनी स्विचमध्ये स्प्रिंग घातली. बोटाने दाबताना स्प्रिंग ताणली जाते आणि ठरावीक बिंदूनंतर ती संपर्क झटक्यात तोडते. तुम्ही कितीही हळू दाबा, तोडण्याचा वेग स्प्रिंगच ठरवणार. आपल्या भिंतीवरच्या बटणाचा ‘खट्’ हा आवाज त्या कल्पनेचा वारस आहे. मराठीत स्विचला खटका म्हणणाऱ्याला हे ठाऊक असेल-नसेल, पण नाव अगदी नेमकं पडलं आहे.

पुढे घरोघरी एसी आला आणि काम थोडं सोपं झालं. आपल्याकडचा ५० हर्ट्झचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगीला मरायची संधी आपोआप मिळते. डीसी शून्यावर येतच नाही. म्हणून स्विचवर ‘६ अँपिअर २४० व्होल्ट’ लिहून पुढे नागमोडी रेघ असेल, तर तो आकडा फक्त एसीसाठी आहे. १२ व्होल्टच्या पट्टीला ठिणगीची भीती फारशी नाही, पण तिथे अँपिअर वाढतात. २४ वॉटचा दिवा २३० व्होल्टवर साधारण ०.१ अँपिअर घेतो, १२ व्होल्टवर २ अँपिअर. खेळण्यातला चिमुकला सरकता स्विच तिथे तापतो.

आता दुसरा धडा. स्विच नेहमी फेजच्या तारेत असावा, न्यूट्रलच्या नव्हे. न्यूट्रल तोडला तरी दिवा मालवतोच, पण आतला सगळा धातू फेजला जोडलेलाच राहतो. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी विकत आणलेल्या टेबललॅम्पचा स्विच बंद केला आणि आतली एलईडीची पट्टी बदलायला हात घातला. असा झटका बसला की दिवा एकीकडे आणि ते दुसरीकडे. पिन तशीच सॉकेटमध्ये होती. दिव्याला दोन पिनांचा प्लग, तो उलटा-सुलटा कसाही बसतो. त्या दिवशी स्विच न्यूट्रलमध्ये आला होता. स्वस्त दिव्यांत ट्रान्सफॉर्मर नसतो, नुसत्या कपॅसिटरवर काम भागवलेलं असतं, म्हणजे मेनच्या विजेपासून आडोसाच नाही. गृहस्थ थोडक्यात वाचले.

म्हणून दोनच मार्ग. एक तर तीन पिनांचा प्लग घ्या, म्हणजे फेजची जागा बदलत नाही, आणि दिव्याची पेटी धातूची असेल तर तिला अर्थिंगही मिळतं (भिंतीतल्या सॉकेटचं वायरिंग बरोबर आहे का, हे टेस्टरने आधी पाहून घ्या). नाहीतर दोन्ही तारा एकदम तोडणारा डबल पोल स्विच वापरा. आणि काहीही उघडण्याआधी प्लग काढा. बंद स्विच म्हणजे बंद वीज, असं कधी समजू नका.

एलईडीने आणखी एक गंमत केली. स्विच बंद केला तरी काही दिवे रात्री अंधुक मिणमिणत राहतात. बऱ्याचदा कारण हेच असतं, न्यूट्रलमधला स्विच (किंवा स्विचमधला छोटा इंडिकेटर). जुन्या बल्बची तार एवढ्याशा प्रवाहाने तापतही नव्हती, त्यामुळे ही चूक वर्षानुवर्षं लपून राहिली. एलईडीने ती उघड केली.

आणि स्विच ड्रायव्हरच्या आधी बसवावा. स्थिर प्रवाहाच्या ड्रायव्हरनंतर तो बसवला, तर दिवा बंद असताना ड्रायव्हरच्या टोकाशी व्होल्टेज चढून बसतं, आणि पुन्हा जोडताच तो सगळा साठा एलईडीवर कोसळतो. एलईडी जाण्याची ही हमखास वाट. सुरुवातीलाच एक फ्यूज असावा, आणि वायर ओढली गेली तरी ताण जोडावर येऊ नये अशी ती पेटीत पकडलेली असावी, हे सांगायला नकोच.

१९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी लाल एलईडी दाखवला, निळ्या एलईडीसाठी २०१४ मध्ये तीन शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं. होम्स यांचं नाव मात्र कुणाच्या फारसं ओठांवर नाही. उजेड देणाऱ्याचं कौतुक होतं, तो सुखरूप मालवता यावा म्हणून डोकं लावणाऱ्याचं होत नाही, एवढंच.

असो. पुढचा कंदील करायला घ्याल तेव्हा आधी स्विच निवडा, मग एलईडी.