कुंभकोणमच्या भजनपरंपरेतील मराठी अभंग

तामिळनाडूतील कुंभकोणम परिसरात रुजलेल्या 'दक्षिण भजन संप्रदाया'त मराठी अभंगांना मानाचे स्थान आहे. वारकऱ्यांच्या लोकपरंपरेतील हे अभंग तेथे कर्नाटक संगीताच्या अंगाने गायले जातात. गाणाऱ्यांपैकी बहुतेकांची मातृभाषा मराठी नाही. 1970 च्या दशकात पाश्चात्त्य रॉक वाद्यवृंदांनी लोकगीते आपल्या दीर्घ रचनांत गुंफली, तेव्हा तो धाडसी प्रयोग मानला गेला. कावेरीकाठी असा मेळ त्याच्या कितीतरी आधी नित्याचा झाला होता.

तंजावर 1670 च्या दशकात व्यंकोजीराजे भोसले यांच्या ताब्यात आले आणि 1855 पर्यंत तेथे मराठी राजवट टिकली. दरबारामागोमाग कीर्तनकार आले, रामदासी मठ उभे राहिले. भजन संप्रदायाचे तीन आद्य पुरुष, म्हणजे बोधेंद्र सरस्वती, श्रीधर अय्यावाळ आणि मरुदानल्लूर सद्गुरू स्वामी, हे याच भागातले. यांपैकी सद्गुरू स्वामींनी सरफोजीराजे दुसरे यांच्या काळात भजनाला निश्चित क्रम लावून दिला. तोडयमंगलम् आणि गुरुध्यानानंतर गुरूचा अभंग येतो. पुढे जयदेवांच्या संस्कृत अष्टपदी, नारायणतीर्थांचे तरंग, पुरंदरदासांची कन्नड पदे, भद्राचल रामदासांची तेलुगू कीर्तने असा प्रवास होतो. एका बैठकीत इतक्या भाषा क्वचितच एकत्र नांदतात!

अडचण आहे ती लिपीची. भजनाची पुस्तके अनेकदा तमिळ लिपीत छापली जातात आणि त्या लिपीत क, ख, ग, घ या चारही वर्णांना एकच अक्षर आहे. म्हणून अक्षराशेजारी बारीक आकडे छापून उच्चार सुचवण्याची पद्धत पडली. तरीही 'विठ्ठल'चे 'विट्टल' होते, 'चांगला'मधील दंत्य च हरवतो. 'ळ' मात्र तमिळमध्येही असल्याने शाबूत राहतो. अर्थाचे काय, हा प्रश्न अधिक कठीण. गुरूने ओळीचा भावार्थ सांगितला तरच तो शिष्यापर्यंत पोहोचतो. पाठांतराने केवळ नाद उरतो.

मराठी कीर्तनाच्या प्रभावातून तंजावर कृष्ण भागवतर (निधन 1903) यांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले आणि साकी, दिंडी, ओवी ही वृत्ते तिच्यात आणली. अलीकडे अरुणा साईराम, रंजनी-गायत्री यांसारख्या गायिकांनी अभंग कर्नाटक मैफलींच्या मंचावर लोकप्रिय केला. कुंभकोणमजवळच्या गोविंदपुरम येथे 2011 मध्ये विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य मंदिर उभे राहिले असून त्याचे शिखर महाराष्ट्रातील देवळांच्या धाटणीचे आहे.